१९२७ : महाड ते महाड, वाटेत बदलापूर

मार्च महिना जवळ आला की कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आमच्या वस्त्यांमध्ये महाडला जाण्याची तयारी सुरू होते. गाड्या ठरतात, वर्गणी जमते, निळे झेंडे बाहेर निघतात. २० मार्चला समाजबांधव चवदार तळ्यावर जातात, ओंजळभर पाणी पितात, बाबासाहेबांना अभिवादन करतात आणि परततात. पुढे डिसेंबर उजाडला की २५ तारखेला मनुस्मृती दहन दिनाची सभा होते. वक्ते तडाखेबंद भाषणे करतात, टाळ्या पडतात. हे सारे झालेच पाहिजे, यात गैर काहीच नाही. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिलाच नाही, त्या समाजाने आपल्या तारखा आपणच जपल्या पाहिजेत.

पण आम्हाला एक प्रश्न नेहमी सतावतो. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या, १९२७ सालातल्या. या दोन तारखांच्या मधले नऊ महिने बाबासाहेब काय करीत होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि त्या नऊ महिन्यांत ते आपल्या बदलापुरात येऊन गेले होते, हे बदलापूरच्या किती घरांना ठाऊक आहे?

आम्ही आज त्या एका वर्षाची गोष्ट सांगणार आहोत. बाबासाहेबांचे चरित्र एका लेखात मावणारे नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी सुरू झालेला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत थांबलेला तो जीवनप्रवास एवढा मोठा आहे की, त्यातले एक वर्ष जरी नीट समजून घेतले तरी पुष्कळ झाले. ते वर्ष १९२७ असावे, असे आम्हाला वाटते.

१९२७ साल उजाडले तेव्हा बाबासाहेब पस्तिशीत होते. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन असे सारे शिक्षण पूर्ण करून १९२३ साली ते मुंबईला परतले आणि वकिली करू लागले. परदेशातील एवढ्या पदव्या असलेला बॅरिस्टर, पण अशील येईनात. अस्पृश्य वकिलाकडे खटला द्यायचा तर लोक दहादा विचार करीत. म्हणून संसाराला हातभार लावण्यासाठी ते एका खाजगी संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेत असत. राहणे परळच्या चाळीत, कचेरी दामोदर हॉलमध्ये. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न वारला होता. माता रमाईंनी आणि बाबासाहेबांनी पोटची मुले एकापाठोपाठ एक गमावली होती. घरात हे दुःख ताजे असताना नवे वर्ष सुरू झाले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. महामानव म्हणताना आपण त्यांच्यातला माणूस बाजूला सारतो आणि मग त्यांच्या कामाची खरी किंमत आपल्याला कळत नाही.

वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १९२७ रोजी, बाबासाहेब भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी होते. मुंबई कायदे मंडळावर सरकारने त्यांची नेमणूक केली होती. १८ फेब्रुवारीला त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली आणि आठवडाभरातच, २४ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. त्या भाषणाचा विषय अस्पृश्यता नव्हता. गरीब शेतकऱ्यावर पडणारा कराचा बोजा हा त्याचा विषय होता. १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. म्हणजे महाडला जाण्याच्या आठवडाभर आधी हा माणूस सभागृहात आकडेवारी मांडत होता. ज्यांना बाबासाहेब केवळ एका जातीचे पुढारी वाटतात, त्यांनी ही दोन भाषणे जरूर वाचावीत.

मग आला महाडचा मार्च. त्यामागेही कायदे मंडळाचाच एक ठराव होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात मंजूर करून घेतला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ठराव झाला, कागदावर हक्क मिळाला. पण तळ्यावर जाण्याची कोणाची हिंमत होईना. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. रा. बा. मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे या मंडळींनी खपून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली आणि अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले.

१९ आणि २० मार्चला परिषद झाली. गावोगावचे हजारो लोक, म्हातारेकोतारे, तरुण पोरे, पाठीवर भाकरी बांधून पायी आले होते. त्यांच्या पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे गावात भरलेले आणि आमच्या माणसांना पाणी विकत! मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे घेऊ नका, शिक्षण घ्या, माणूस म्हणून जगा, असा उपदेश बाबासाहेबांनी पहिल्या दिवशी केला. दुसऱ्या दिवशी सारा जनसमुदाय शिस्तीने तळ्यावर गेला आणि सर्वांसमक्ष पाणी प्याला.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून गेला. जेवत बसलेल्या, घरी निघालेल्या आमच्या माणसांना झोडपले गेले. कित्येकांनी मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेब तेव्हा सरकारी बंगल्यावर होते. त्यांच्यापाशी जमलेल्या माणसांत पलटणीत लढून आलेले पेन्शनर होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि फिर्याद दाखल करण्याचा मार्ग धरला. आज बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला हे पटणार नाही. तेव्हाही अनेकांना पटले नसेल. पण त्या दिवशी त्यांनी कोणता मार्ग निवडला, तो पुढच्या दहा वर्षांवर नजर टाकली की कळतो. ते पुढे येईलच.

इकडे आमच्या माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आले. जनावराचे मूत्र पवित्र आणि माणसाची ओंजळ अपवित्र, हा त्या धर्माचा न्याय!

येथून त्या नऊ महिन्यांना सुरुवात होते.

महाडहून परतल्यावर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. १९२० साली काढलेला 'मूकनायक' बंद पडून काही वर्षे झाली होती. महाडच्या हल्ल्यानंतर प्रस्थापितांची वृत्तपत्रे आमच्याच माणसांना दोष देत होती. आपली बाजू मांडायला आपले पत्र हवे, हे ओळखून त्यांनी लेखणी उचलली. पैसे नाहीत, लिहायला माणसे नाहीत. अंकातले रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. दिवसा न्यायालय, संध्याकाळी कचेरीत गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे आणि रात्री अंकाचे लिखाण. आज आंबेडकरी दैनिक हातात घेऊन आपण चहा पितो, तेव्हा त्या रात्रींची आठवण ठेवायला हवी.

आणि मग ३ मे १९२७. या दिवशी बाबासाहेब बदलापूरला आले.

त्या काळी शिवरायांचे जन्मवर्ष १६२७ धरले जाई आणि जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे. त्यामुळे १९२७ साली शिवजन्माला तीनशे वर्षे झाल्याचे उत्सव महाराष्ट्रभर चालले होते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र सरकारने फार नंतर मान्य केली. बदलापूरच्या मंडळींनी आपल्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून निवड केली ती डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची. त्यांची उतरण्याची व्यवस्था पालयेशास्त्री यांच्याकडे होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून तारखा जुळवून पाहाव्यात. २० मार्चला महाड आणि ३ मेला बदलापूर. मध्ये जेमतेम सहा आठवडे. महाडच्या जखमा बुजलेल्या नव्हत्या, खटला चालू होता, सनातन्यांच्या पत्रांतून बाबासाहेबांवर आग ओकली जात होती. अशा दिवसांत ठाणे जिल्ह्यातले एक गाव त्यांना शिवजयंतीच्या अध्यक्षपदी बसवते आणि एक शास्त्री त्यांना आपल्या घरी उतरवून घेतो. रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या महाडात ज्यांनी शिवरायांच्या रयतेला पाण्यापायी रक्तबंबाळ केले, त्यांतलेही पुष्कळ जण त्या महिन्यात शिवरायांचा जयजयकार करीत असतील. शिवराय कोणाचे, हा प्रश्न आज मोठमोठ्या व्यासपीठांवर चर्चिला जातो. बाबासाहेबांनी त्याचे उत्तर त्या दिवशी बदलापूरच्या उत्सवात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून दिले.

बदलापूरला बोलावले म्हणजे बदलापुरातून जात गेली, असा भाबडा अर्थ आम्ही काढत नाही. एका उत्सवाने जात संपत नसते. तेव्हाच्या गावकुसाबाहेर आमचे लोक राहतच होते. आम्हाला यातून दिसते ते वेगळेच. महाडला मार खाल्ल्यावर बाबासाहेब रुसून घरात बसले नाहीत की सगळ्या स्पृश्यांना एकाच मापाने मोजून मोकळे झाले नाहीत. ज्याने दार उघडले त्याच्या घरी ते गेले. त्याच सुमारास ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे-जवळकर यांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की चळवळीत ब्राह्मण नकोत. माणसे आणि बळ यांची नितांत गरज असतानाही बाबासाहेबांनी ती अट धुडकावली. आपला लढा ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. बदलापूरचे पालयेशास्त्री आणि महाडचे बापूसाहेब सहस्रबुद्धे ही नावे त्या भूमिकेला धरून येतात.

तेव्हाचे आपले हे पट्टे कसे होते, तेही नव्या पिढीने समजून घ्यावे. उल्हासनगर तर अस्तित्वातच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची कल्याण छावणी झाली, फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर होते. कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग होता आणि उल्हास नदीच्या काठाने भातशेतीची गावे होती. पुढे कारखाने आले, दारूगोळ्याची फॅक्टरी आली, काडेपेटीच्या आणि कापडाच्या गिरण्यांत हात लागले. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आमचे बांधव पोट भरायला आले आणि सुभाष टेकडीसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे ३ मे १९२७ ला बदलापुरात नव्हते. पण आज आपण आहोत. ज्या मातीत आपण घर बांधले, त्या मातीवर बाबासाहेबांचे पाऊल पडले आहे, हा वारसा आपल्याला आपोआप मिळालेला आहे. तो सांभाळण्याची जबाबदारीही मग आपलीच.

बदलापूरनंतरच्या महिन्यांत काय घडले ते पाहू. जूनमध्ये महाडच्या हल्ल्याचा निकाल लागला आणि पाच हल्लेखोरांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार्चच्या संध्याकाळी हात आवरायला सांगितले त्याचे हे फळ होते. त्या संध्याकाळी हात उचलला असता तर तुरुंगात कोण गेले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच जून महिन्याच्या ८ तारखेला कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना पीएच. डी. ही पदवी रीतसर बहाल केली. प्रबंध पूर्वीच मान्य झाला होता. तो ग्रंथरूपाने छापून विद्यापीठाला सादर केल्यावर पदवी मिळाली. जगातले एक नामांकित विद्यापीठ ज्याला डॉक्टर म्हणून गौरवत होते, त्याला महाडात तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची बंदी होती. १९२७ सालचा भारत हा असा होता.

४ ऑगस्टला महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करणारा १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. दिलेला हक्क सवर्णांनी मतदान करून काढून घेतला. बाबासाहेबांनी पुन्हा महाडला जायचे ठरवले आणि सत्याग्रहासाठी २५, २६ डिसेंबर या तारखा मुक्रर झाल्या. सप्टेंबरच्या ४ तारखेला समाज समता संघाची स्थापना झाली. त्यात समतेची चाड असलेले स्पृश्य समाजातले लोकही सामील झाले. 'बहिष्कृत भारत'चे अंक निघत होते आणि त्यातून सत्याग्रह म्हणजे काय, तो कसा करायचा, हे लोकांना समजावून सांगितले जात होते. मुंबईच्या चाळींमधून सभा चालल्या होत्या, पै-पैसा गोळा होत होता.

नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब अमरावतीला गेले. तेथील अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी वऱ्हाडातल्या बांधवांनी परिषद बोलावली होती. या परिषदेच्या वेळीच थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी त्यांना मिळाली. वडील गेल्यावर ज्या घराचा भार वाहिला जात होता, त्या घरातला मोठा भाऊ गेला. शेवटचे दर्शनही झाले नाही. तरी परिषदेचे काम थांबले नाही. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने सायमन कमिशन जाहीर केले आणि देशाच्या राजकारणात खळबळ उडाली. या खळबळीत आपल्या समाजाचा आवाज कसा पोचवायचा, हाही विचार त्यांच्या डोक्यात असणार.

मग डिसेंबर. १२ तारखेला महाडच्या सवर्ण पुढाऱ्यांनी दिवाणी न्यायालयात दावा ठोकला. तळे सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ तारखेला न्यायालयाने बाबासाहेब, सीताराम शिवतरकर आणि त्यांच्या साथीदारांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम काढला. आमच्या लोकांनी तळ्यावर जायचे नाही, पाणी घ्यायचे नाही.

विचार करा. नऊ महिने तयारी झालेली. गावोगाव निरोप गेलेले. २४ डिसेंबरला पद्मावती बोटीने बाबासाहेब आणि शेकडो प्रतिनिधी मुंबईहून निघाले, दासगावला उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी चालत गेले. परिषदेला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. व्यापाऱ्यांनी मालावर बहिष्कार घातला, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. २५ तारखेच्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. अडीच हजार वर्षांच्या गुलामगिरीचा कायदा खड्ड्यात जळाला. चार हजारांच्या आसपास लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली होती. तुरुंगात जायची सगळ्यांची तयारी होती. आणि बाबासाहेबांच्या हातात न्यायालयाचा मनाई हुकूम होता.

सत्याग्रह व्हावा असा लोकांचा आग्रह होता. चर्चा झाली, भाषणे झाली. शेवटी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय लोकांपुढे मांडला आणि त्यांना तो पटवून दिला. सरकारशी भांडण नाही, भांडण सनातन्यांशी आहे. तळे सार्वजनिक आहे हे न्यायालयातच सिद्ध करू, अशी त्यामागची भूमिका होती. २७ तारखेला हजारो लोकांची मिरवणूक तळ्याभोवती निघाली. कोणीही पाण्याला हात लावला नाही. तहानेने नव्हे, हक्काने प्यायचे ते पाणी. हक्क सिद्ध होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. त्याच दिवशी बाबासाहेब आमच्या आया-बहिणींशी बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले, आणि भगिनींनी ते लगेच अमलात आणले. त्यानंतर बाबासाहेब रायगडावर गेले. मे महिन्यात बदलापूरला शिवरायांच्या उत्सवाचे अध्यक्षपद आणि वर्षअखेर शिवरायांच्या राजधानीत. असे ते वर्ष पूर्ण झाले.

त्याच आठवड्यात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला. देशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी १९२७ साल म्हटले की मद्रास आणि सायमन लिहिले. महाड एका ओळीत उरकले, अनेकांनी तीही ओळ लिहिली नाही. एकीकडे इंग्रजांपासून स्वातंत्र्य मागितले जात होते आणि दुसरीकडे आपल्याच देशबांधवांकडे तळ्याचे पाणी मागावे लागत होते. या दोन मागण्यांत मोठी कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

मार्चच्या त्या संध्याकाळी निवडलेल्या मार्गाचे पुढे काय झाले? मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सवर्ण अपिलात गेले. ते अपील ठाण्याच्या न्यायालयात, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, १९३३ साली फेटाळले गेले. मग उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा तो निकाल. २० मार्च १९२७ ला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते! या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि निवडणुकाही झाल्या. एवढ्या धामधुमीत बाबासाहेबांनी महाडचा दावा वाऱ्यावर सोडला नाही. एका गावातल्या एका तळ्यासाठी दहा वर्षे.

आता आम्हाला आपल्या पट्ट्याविषयी बोलायचे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची निर्घृण हत्या झाली. पाठोपाठ नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याची बातमी आली. महाराष्ट्र पेटला. आपल्या उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ते चित्र देशभर दाखवले गेले. खैरलांजीचे चित्र मात्र आधी दोन महिने कोणी दाखवत नव्हते. त्या संतापामागे खरे दुःख होते, हे आम्ही तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. त्या पोरांना गुंड ठरवून मोकळे होणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही.

पण प्रश्न आपल्याच माणसांनी आपल्याला विचारायचा असतो. गाडी जळाल्यानंतर काय झाले? धरपकड झाली. पोरांच्या आया पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. ज्यांनी भाषणे केली होती, त्यांतले किती पुढारी जामिनाला उभे राहिले? आणि खैरलांजीच्या खटल्याचे काय? २००८ साली सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली, आणि ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. जातीमुळे झालेली हत्या जातीमुळे झाली असे मानले गेले नाही! त्या निकालाच्या दिवशी आपल्या वस्त्यांत किती सभा झाल्या? निकालपत्र किती जणांनी वाचले? भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहत २०१७ साली गेले. त्या दहा वर्षांत आपण किती वेळा त्यांच्या पाठीशी उभे राहिलो?

महाडचा दावाही दहा वर्षे चालला आणि खैरलांजीचाही. फरक एवढाच की महाडच्या दाव्यापाठी रोज एक माणूस उभा होता.

म्हणून आम्ही म्हणतो की १९२७ सालचे दोन दिवस जेवढे महत्त्वाचे, तेवढेच मधले नऊ महिने महत्त्वाचे. वर्षातून दोनदा महाड आठवणे सोपे आहे. पंधरा दिवसांनी अंक काढणे, तारखेला न्यायालयात हजर राहणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, परक्या व्यासपीठावर जाऊन आपली बाजू मांडणे, भाऊ गेला तरी काम न सोडणे, लोक टाळ्या वाजवत असताना त्यांना थांबायला सांगणे, हे अवघड आहे. चळवळ या अवघड कामांवर उभी राहिली. आपल्याकडे आज पुढारी पुष्कळ, गट पुष्कळ, बॅनर पुष्कळ. पण या मधल्या महिन्यांचे काम करणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी आहेत. ती कोणत्याही बॅनरवर दिसत नाहीत.

आमची उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या समाजबांधवांना एक सूचना आहे. ३ मे हा दिवस आपण पाळू या. त्यासाठी डीजे नको, कटआऊट नको. महाराष्ट्र सरकारने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक एकत्र छापले आहेत. प्रत्येक विहारात त्याची एक प्रत असावी आणि एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत दर पंधरवड्याला त्यातला एकेक अंक वाचला जावा. ज्या क्रमाने बाबासाहेबांनी ते लिहिले, त्याच क्रमाने. दुसरे, आपल्या भागातले जे वकील, निवृत्त शिक्षक, फॅक्टरीतले निवृत्त कामगार आहेत, त्यांनी एकत्र बसून आपल्या तालुक्यांत ॲट्रॉसिटीचे किती खटले चालू आहेत, कोणत्या तारखेला कोणत्या न्यायालयात आहेत, याची एक वही करावी. ज्या दिवशी तारीख असेल त्या दिवशी फिर्यादी एकटा उभा राहणार नाही, एवढे जरी आपण केले, तरी पुष्कळ झाले. आणि बदलापूरच्या बांधवांनी त्या उत्सवाची आठवण गावातल्या सर्व समाजांना बरोबर घेऊन जागवावी. १९२७ साली त्या गावाने बाबासाहेबांना बोलावले होते. आता आपण गावाला बोलावू.

पुढच्या २० मार्चला आपण पुन्हा महाडला जाऊ. तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना एवढे ध्यानात ठेवू की, डिसेंबर १९२७ मध्ये हजारो माणसे याच तळ्याभोवती फिरून, पाण्याला हात न लावता, घरी गेली होती. ती हरून गेली नव्हती. ती पुढच्या तारखेच्या तयारीला गेली होती.

जयभीम!